एलिफन्टायसिस: अर्थ फोडून शिकावा की उच्चार फोडून?

भंडारा-गडचिरोलीकडच्या मुली नर्सिंगला येतात तेव्हा हत्तीपाय म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. घरातल्या बुढीचा नाहीतर शेजारच्या काकांचा सुजलेला पाय लहानपणापासून पाहिलेला असतो. अडतं ते पुस्तकातल्या नावापाशी, एलिफन्टायसिसपाशी. एकीनं तोंडी परीक्षेत ‘एलिफंट-आसिस’ म्हटलं, समोरचे हसले आणि सगळं येत असूनही ती पुढे बोललीच नाही. मला ते अजून लागून राहिलंय.

तिनं शब्द अर्थाच्या जागी तोडला होता. ग्रीक ‘एलेफास’ म्हणजे हत्ती, पुढचा प्रत्यय रोगाची अवस्था सांगणारा. फोड बरोबरच होती, पण उच्चार तिथं तुटत नाही. ‘ट’ पुढच्या स्वराला चिकटतो: ए-लि-फन्-टाय-अ-सिस. सहा तुकडे, जोर चौथ्यावर.

खरं तर ही फोड आपल्याला सोपी जावी, कारण आपलं अक्षरच व्यंजनाला पुढच्या स्वराशी बांधतं. शब्द देवनागरीत लिहा, ‘टाय’खाली रेघ मारा (जोर आपल्या लिपीत दिसत नाही, म्हणून रेघ हवीच) आणि मोठ्यानं दहादा म्हणा. मग सो-राय-अ-सिस, अ-मि-बाय-अ-सिस त्याच चालीवर येतात. सोरायसिसच्या स्पेलिंगमधला पहिला ‘पी’ मुका आहे.

अर्थाची फोड सावकाश फळते. ‘नेफ्रॉस’ मूत्रपिंड, ‘लिथॉस’ दगड. एवढं ठाऊक असलं की नेफ्रोलिथायसिस पहिल्यांदा वाचतानाच मुतखडा ओळखू येतो. पाठांतरानं हे होत नाही. मात्र नावावरून रोगाचं कारण कळेल असं समजू नका. अरेटायस या ग्रीक वैद्यानं हत्तीचंच नाव कुष्ठरोगासाठी वापरलं होतं. आपला हत्तीपाय क्युलेक्स डासातून येणाऱ्या कृमीचा.

परीक्षा पंधरा दिवसांवर असेल तर उच्चाराची फोडच धरा. वर्ष हातात असेल तर मी अर्थापासून सुरुवात करायला सांगेन. फक्त प्रत्येक शब्द त्याच दिवशी मोठ्यानं म्हणायचा.

आणि गावात रात्रीचे रक्तनमुने घ्यायला गेलात (या रोगाचे जंतू रात्रीच कातडीजवळच्या रक्तात येतात), ओसरीवरून कुणी म्हणालं, “बाई, आमच्या बुढीले हत्तीपाय हाय जी,” तर तुम्हीही हत्तीपायच म्हणा.