कोरफडींचा अभ्यास: वाळवलेला नमुना की जिवंत रोप?

संशोधन नुकतंच सुरू केलेल्या मैत्रिणीचा प्रश्न: कोरफडीच्या जाती अभ्यासायला हर्बेरियमचे (वनस्पती दाबून, वाळवून जपण्याच्या संग्रहाचे) नमुने करू की रोपं वाढवू?

मेहनत आधी. साधं पान दाबलं की काही दिवसांत वाळतं. कोरफडीचं पान मात्र दाबाखालीही बराच काळ जिवंत राहतं, नाहीतर कुजतं. ते उभं चिरायचं, चमच्याने गर खरवडायचा आणि काटेरी कडेसह साल दाबायची. कागद पुन्हापुन्हा बदलायचे. पहिले दोन-चार नमुने काळे पडतातच, नाउमेद होऊ नये. रोपाला निचऱ्याची माती आणि ऊन पुरतं, पण फुलोऱ्यासाठी काही वर्षं थांबावं लागतं.

टिकाऊपणात नमुना फार पुढे. अठराव्या शतकातले नमुने आजही तपासता येतात. रोप एका पावसात सडू शकतं.

माहितीचं पारडं मात्र रोपाकडे झुकतं. वाळल्यावर फुलांचा रंग उडतो, पानाची जाडी कळत नाही. पान कापल्यावर सालीलगत पाझरणारा पिवळा, कडू चीक ताजाच पाहावा; अ‍ॅलोइन हे कोरफडीतलं कडू, रेचक रसायन त्यातच असतं, आतल्या गरात नाममात्र. एक धोका: शेजारी लावलेल्या जातींचा सहज संकर होतो, म्हणून त्यांच्या बियांवर भिस्त ठेवू नये.

जातीची ओळख आणि नामकरण करायचं असेल तर नमुनाच हवा. औषधी रसायनं किंवा फुलोरा अभ्यासायचा असेल तर रोप. तरीही त्या रोपाचा एक नमुना वाळवून ठेवावाच, म्हणजे जात पुढे कुणालाही पडताळता येते.