घरपोच हार्मोन तपासणी, ठाणे-नवी मुंबई: टीएसएचसाठी घ्या, कॉर्टिसॉलसाठी नको

घोडबंदर रोड असो, पाचपाखाडी असो की वाशी-नेरूळ, सकाळी लवकरचा स्लॉट धरला तर माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो आणि थायरॉइडसारख्या नेहमीच्या तपासण्यांचा रिपोर्ट बहुतेक वेळा त्याच दिवशी मोबाइलवर येतो. गुडघेदुखीने जिना न उतरू शकणाऱ्या आजींसाठी ही सोय फार मोलाची आहे. इथे परीक्षण आहे ते या सेवांसोबत विकल्या जाणाऱ्या ‘हार्मोन पॅकेज’चं. कुठल्या एका कंपनीचं नाव घेत नाही, कारण गुण-दोष बऱ्याच ठिकाणी सारखेच आहेत.

पॅकेजमधली सर्वांत कामाची तपासणी टीएसएच. हे संप्रेरक थायरॉइडचं नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीचं. रक्तात थायरॉइडचं टी-४ कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवून गळ्यातल्या ग्रंथीला जोर लावायला सांगते; टी-४ जास्त झालं की टीएसएच खाली येतं. टी-४ जरासं घसरलं तरी टीएसएच कितीतरी पटीने चढतं, म्हणून बिघाड आधी इथेच दिसतो. प्रौढांत साधारण ०.४ ते ४ ही मर्यादा धरतात. गरोदरपणात ती वेगळी असते.

पॅकेजची पहिली उणीव म्हणजे अनेकांत टी-३ आणि टी-४ ही थायरॉइडची संप्रेरकं ‘टोटल’ मोजतात, म्हणजे प्रथिनाला चिकटलेली आणि मोकळी मिळून. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टी-४ला धरून ठेवणारं प्रथिन वाढतं आणि ग्रंथी ठीक असूनही टोटल आकडा फुगतो. ‘फ्री टी-४’, म्हणजे फक्त मोकळं टी-४, हवं असं बुकिंग करतानाच सांगा.

दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. रक्त घ्यायला येणारा नाव, वय, बारकोड नीट तपासतो, पण ‘कोणती औषधं चालू आहेत?’ हे क्वचितच विचारतो. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन हे ब-जीवनसत्त्व असतं, पुष्कळदा ५ ते १० मिलिग्रॅम. ज्या यंत्रांची रसायनपद्धत बायोटिनवर चालते, तिथे टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी-४ खोटं जास्त येतं, म्हणजे कागदावर थेट हायपरथायरॉइड (थायरॉइडचं काम गरजेपेक्षा जास्त). या गोळ्या किमान दोन दिवस आधी बंद ठेवा. लेव्होथायरॉक्सिनची (थायरॉइडची) गोळी त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या, नाहीतर फ्री टी-४ काही तास चढलेलं दिसतं. प्रोलॅक्टिनचंही (अंगावरच्या दुधाशी संबंधित पिट्युटरीचं संप्रेरक) तेच: ॲसिडिटीच्या अनेक कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोलबरोबर डॉमपेरिडोन असतं, आणि डॉमपेरिडोन प्रोलॅक्टिन चांगलंच वाढवतं. हे न विचारता आलेल्या रिपोर्टवरून पिट्युटरीच्या एमआरआयपर्यंत गोष्ट जाते, घरचे हवालदिल होतात, ते वेगळंच. डॉमपेरिडोन डॉक्टरांना विचारून थांबवावं. झोपेतही प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणून उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडं शांत बसून मग सुई टोचून घ्यावी.

कॉर्टिसॉल मात्र या पॅकेजमध्ये नसतंच तर बरं. ॲड्रिनल ग्रंथीचं हे संप्रेरक पहाटेपासून चढतं, सकाळी आठच्या सुमारास भरात असतं, संध्याकाळपर्यंत निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. कापूरबावडीच्या वाहतुकीत अडकून माणूस साडेदहाला पोहोचला, तर आकडा सकाळच्या मर्यादेशी ताडून पाहण्यात अर्थ उरत नाही. त्यात प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर काही पद्धतींत तेच औषध कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं. दमा किंवा त्वचेच्या आजारावर स्टेरॉइड घेणाऱ्यांनी ही तपासणी एण्डोक्रायनोलॉजिस्टच्या सल्ल्याशिवाय करूच नये.

नळ्यांकडे लक्ष ठेवा. आधी पिवळ्या टोपणाची, मग जांभळी, शेवटी राखाडी. हा क्रम चुकून जांभळ्या नळीतलं ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन पिवळीत गेलं तर कॅल्शियम खोटं कमी आणि पोटॅशियम खोटं जास्त येतं. पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) आणि कॅल्शियम एकत्र तपासायचं असेल तर अशा रिपोर्टवरून निदानाची दिशाच चुकते. दंडाचा पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त आवळलेला राहिला तर कॅल्शियम उलट वाढलेलं दिसतं. पिवळी नळी हळुवार पाच-सहा वेळा उलटी करायची, जोरात हलवायची नाही. रक्तपेशी फुटल्या की इन्सुलिनचा आकडा घसरतो. एसीटीएचची (ॲड्रिनलला चालना देणारं पिट्युटरीचं संप्रेरक) नळी तर बर्फातच न्यावी लागते, त्यामुळे ती तपासणी घरून नको. प्रयोगशाळा असलेल्या रुग्णालयात जाऊन करा.

एचबीए१सीसाठी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) उपाशी राहायची गरज नाही, अंडाशयातल्या बीजसाठ्याचा अंदाज देणारं एएमएच पाळीच्या कुठल्याही दिवशी चालतं. बीजकोषांना चालना देणारी पिट्युटरीची एफएसएच-एलएच मात्र पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसातच, आणि पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी दहाच्या आत. पहिल्यांदा कमी आलं तर उपचाराआधी दुसऱ्या सकाळी पुन्हा.

एकूण मत: टीएसएच, फ्री टी-४ आणि एचबीए१सीसाठी सेवा निःशंक घ्यावी, रिपोर्टवर एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) चिन्ह पाहून. पूर्ण पॅकेजवर पैसे घालू नयेत. डॉक्टरांनी लिहिलेल्या तेवढ्याच तपासण्या सुट्या बुक करा. थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलला असेल तर सहा ते आठ आठवड्यांनीच पुन्हा बोलवा, त्याच प्रयोगशाळेला आणि त्याच वेळेला. टी-४ निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, आणि पिट्युटरी स्थिरावायला त्याहून जास्त.