काटेरी पट्टी: केसांना पुरते, गाळाला नाही

मी घरी ब्लाऊज शिवते. म्हणजे लांब केसांच्या चार बायका घरात आहेतच (मी, दोन मुली, सासूबाई), वर दिवसभर हाताला चिकटलेले दोऱ्यांचे तुकडे. हात धुतले की सगळं बेसिनमध्ये. त्यात आम्ही वाघोलीला, पाणी बोअरचं नाहीतर टँकरचं. साबणाला फेस येत नाही, दही फाटल्यासारखी साय तेवढी येते. ती पाइपला आतून बसते, तिला केस धरतात, केसांना दोरे. त्यामुळे बेसिन तुंबणं हा आमच्याकडे वर्षातून दोनदा येणारा सण आहे.

यंदा श्रावणात तुंबलं ते असं, की नुसती चूळ भरली तरी पाणी पाच मिनिटं तिथेच उभं. प्लंबर म्हणाला, "उद्या येतो ताई." तीन उद्या गेले. शेवटी धाकटीने मोबाइलवरून पाइपातले केस ओढून काढायची ही काटेरी पट्टी मागवली. ९९ रुपयांत तीन, आम्हाला लाल रंगाच्या आल्या.

टेप लावून मोजली: लांबी वीस इंच, रुंदी अर्ध्या इंचाच्या आतच. पातळ, वाकणारं प्लॅस्टिक, वर बोट अडकवायला कडी आणि दोन्ही कडांना करवतीसारखे दात. दातांची टोकं वरच्या बाजूला वळलेली, म्हणून आत जाताना सुळकन जाते आणि येताना ओरबाडत येते. तुमचा हातही ओरबाडते, हे आधीच सांगते.

पहिली अडचण पट्टी घालण्याआधीच आली. आमचं कपलिंग, म्हणजे बेसिनच्या भोकात बसवलेला टोपीवाला भाग, दाबून उघड-बंद होणारं. टोपी वर आली तरी फट एवढीशी, की पट्टी शिरेना. पाकिटावर याबद्दल एक अक्षर नाही. अर्धा तास तिरकी-सरळी घालून झाल्यावर चिडून टोपीच पिरगाळली, तर ती फिरली आणि सुटून हातात आली! आमची टोपी आट्यांची निघाली, उलटी फिरवायची. ओल्या हाताने सटकते, रबरी हातमोजा घाला.

मग मात्र पट्टीने काम केलं. सात-आठ इंच आत गेली, जरा गोल फिरवली, हळूहळू ओढली. वर आली ती मनगटाएवढी जाड, काळी, लिबलिबीत शेपटी. वास असा की धाकटी बाहेर पळाली. नीट पाहिलं तर मधे मधे माझा मरून दोरा, मागच्या दिवाळीच्या ऑर्डरचा. मला तर, खरं सांगू, जुनी शिवण एका ओढीत उसवल्यासारखं समाधान झालं. चार खेपांत केस संपले. पाणी पहिल्यापेक्षा बरं जायला लागलं, पण पूर्ण नाही. थोडं जायचं, मग डुबुक करून थांबायचं.

पट्टीची हद्द इथे संपते, आणि विकणारा हे सांगत नाही. बेसिनखाली चकचकीत बाटली दिसते ना, तो बॉटल ट्रॅप. वरून आलेली नळी त्याच्या पोटात जवळजवळ तळापर्यंत उतरते आणि पाणी त्या नळीच्या बाहेरून वर चढून बाजूच्या पाइपने जातं. तळात पाणी कायम साठलेलं असतं, म्हणून खालचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. पट्टी सरळ जाऊन तळाला टक करून थांबते. तिथला गाळ ती ढोसते, उचलत नाही. पुढच्या वळणावर तर ती जाऊच शकत नाही. पाकिटावरच्या चित्रात वळण दाखवलंय खरं, पण चित्रात काय, काहीही वळतं.

तर शेवटी खाली बसले. बादली लावली, मशीनवरचा चष्मा चढवला, हातमोजे घातले. चष्मा-मोजे का, तर गेल्या खेपेला आम्ही ड्रेन साफ करायची पावडर टाकली होती. त्या पांढऱ्या दाण्यांत कॉस्टिक सोडा असतो. पाण्यात पडला की पाइप बाहेरून गरम लागतो, केस आणि चरबी थोडीफार विरघळते. तेव्हा चार दिवस पाणी धो धो गेलं आणि पाचव्या दिवशी पुन्हा तुंबलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, वरून संडासाचं ॲसिड ओत. तसलं काही करू नका. सोड्यावर ॲसिड पडलं तर उकळून तोंडावर उडेल. आमच्या ह्यांचा खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा प्रयोगही झाला होता. फेस छान येतो. दोघं एकमेकांनाच मारतात, केस जागेवर.

ट्रॅपचा खालचा कप हाताने फिरवला तर निघतो. निघत नसेल तर फडकं गुंडाळून जोर लावा, पान्याने आट्या जातात. कप सुटला आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई आल्या. "अगं, निघालं का?" म्हणत त्यांनी हात धुवायला नळ सोडला. सगळं माझ्या मानेवर. "आई, नळ!" म्हणेपर्यंत ब्लाऊज भिजला होता. तेव्हा आधी खालचा कॉक बंद करा आणि घरात दवंडी पिटा.

कपात काय निघालं? बोटभर काळा गाळ, ब्लाऊजच्या गंजलेल्या हुकांचा एक गठ्ठा (हे पाप माझं), तीन टिकल्या, त्यातली एक अजून लालभडक, आणि तळाला चिकटलेला सुपारीएवढा पांढरा खडा. तो पावडरीचाच असणार. पाणी कमी पडलं की ती विरघळण्याऐवजी बसते. म्हणजे तुंबलेलं काढायला पैसे देऊन मी तुंबायला आणखी एक दगड टाकला होता. जुन्या टूथब्रशने कप आणि नळी घासली, परत बसवलं. ठिबकायला लागलं. हार्डवेअरवाल्याने रबरी वॉशर हातात घेऊन नुसता दुमडला, तर त्याला चीर. दहा रुपयांचा नवा बसवला, ठिबक बंद. आता पाणी गोल फिरत जातं, पाहत उभं राहावंसं वाटतं.

पट्टीबद्दल आणखी एक तक्रार. पाकिटावर म्हटलंय धुऊन पुन्हा वापरा. दातांत गुंतलेले केस काढायला मला उसवायचं रिपर घ्यावं लागलं, वीस मिनिटं गेली, आणि एक दात मोडला. तो आत पडला नाही हे नशीब. तिसऱ्या वापरापर्यंत ती टिकेल असं वाटत नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. बेसिनमध्ये पाणी हळू जायला लागलं की लगेच घाला, तेवढ्यासाठी ३३ रुपये महाग नाहीत. पार उभंच राहिलं असेल तर पट्टी मागवत बसू नका, कप फिरवा. दोरे आता मी ओल्या फडक्याला पुसून मगच हात धुते. हुकांची डबी बेसिनपासून लांब, मशीनच्या खणात गेली.

तीन पट्ट्यांपैकी एक दात मोडलेली आहे. दुसरी ॲसिडवाल्या काकू "बघून देते" म्हणून घेऊन गेल्या, त्याला पंधरा दिवस झाले.