कृत्रिम सूर्यासाठी झेनॉन दिवा: उजेड भरपूर, लाड त्याहून जास्त

प्रयोगशाळेत एकवटलेलं ऊन हवं म्हटलं की सात किलोवॉटच्या आसपासचा शॉर्ट-आर्क झेनॉन दिवा (झेनॉन वायूत दोन टोकांमधल्या आखूड विद्युत ज्योतीने, म्हणजे आर्कने, उजळणारा) आणि लंबवर्तुळाकार आरसा ही जोडी पुढे येतेच. जर्मनीत यूलिशच्या सिनलाइट या कृत्रिम सूर्यात (२०१७) असे १४९ दिवे आहेत. दिव्याची जात सिनेमा प्रोजेक्टरचीच, त्यामुळे रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा), इग्नायटर (आर्क पेटवणारा) शोधत फिरावं लागत नाही.

खरा गुण आर्कच्या आखूडपणात. तो जेमतेम सेंटिमीटरभर असतो, म्हणून तो आरशाच्या पहिल्या नाभीवर (फोकसवर) ठेवला की प्रकाश जिथे एकवटतो त्या दुसऱ्या नाभीवर ठिपका घट्ट पडतो. मेटल हॅलाइड दिवा बराच स्वस्त, पण आर्क लांब, ठिपका पसरट. झेनॉनच्या वर्णपटात ८०० ते १००० नॅनोमीटरमध्ये शिखरं आहेत. रासायनिक रिॲक्टर तापवायला ती आड येत नाहीत, सोलर सेल तपासायचा तर फिल्टर लावाच.

विजेच्या हिशेबात मात्र उधळपट्टी. स्वित्झर्लंडच्या पाउल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये १५ किलोवॉटचे १० दिवे मिळून लक्ष्यावर सुमारे ५० किलोवॉट पोचवतात. उरलेली उष्णता खोलीतच राहते, तेव्हा गरम हवा बाहेर नेणाऱ्या डक्टिंगचा खर्च आधीच धरा.

घोळ होतो तो जुळवणीत. आर्क पहिल्या नाभीवरून दोन मिलिमीटर सरकला की ती चूक दुसऱ्या टोकाला मोठी होऊन दिसते आणि ठिपक्याच्या मध्याची तीव्रता घसरते. त्यात दिवा आडवा असेल तर गरम वायूमुळे आर्क वर वाकतो. दिवा बदलला की जुळवणी नव्याने: एका वेळी एकच दिवा, करंट कमी, समोर पाण्याने गार ठेवलेली ॲल्युमिना-लेपाची पांढरी प्लेट, कॅमेऱ्याला उजेड कमी करणारा एनडी फिल्टर. पैसे मोजके असतील तर एक दिवा कमी घ्या, पण तिन्ही अक्षांवर सरकणारं स्टँड सोडू नका.

हाताळणीत हयगय चालत नाही. दिवा थंड असतानाही आत वातावरणाच्या कित्येक पट दाब असतो. फेस शील्ड आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय खोका उघडायचा नाही. दिव्याच्या क्वार्ट्ज काचेवर बोटाचा ठसा राहिला तर तो तापून काचेत भाजला जातो, तिथे पांढुरका डाग धरतो आणि काच तिथेच कमजोर होते. पेटवण्याआधी अल्कोहोलने पुसा. धन-ऋण टोकं उलटी जोडली तर कॅथोड (दिव्याचं ऋण टोक) काही सेकंदांत वितळतो. इग्निशनचा झटका कित्येक किलोवोल्टचा. थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा) डेटा लॉगर त्या क्षणी सुटा ठेवावा.

वायरिंग करताना दिवा गार ठेवणारा ब्लोअर दिव्याच्याच कॉन्टॅक्टरवर (वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) टाकतात, ते टाळा. दिवा विझल्यावरही ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं फिरला पाहिजे.

गुण: ५ पैकी ४.