बारा प्राण्यांच्या डब्यात एक घुसखोर

नातीच्या पाचव्या वाढदिवसाला तुळशीबागेतून रबरी प्राण्यांचा डबा घेतला. साडेचारशे रुपये. डब्यावर इंग्रजीत ‘सागरी सस्तन प्राणी, १२ नग’. घरी येऊन उघडला तर त्यात शार्क, म्हणजे चक्क मासा! दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, “काकू, समुद्रातलाच आहे ना?” बदलून काही दिला नाही.

तरीही मी याला साडेतीन तारे देतेय, कारण त्या शार्कमुळेच खरं शिकणं झालं. चिमी आंघोळीच्या टबात सगळ्यांना घेऊन बसली होती. मी तिला म्हटलं, सगळ्यांच्या शेपट्या बघ. शार्कची शेपटी उभी, पुस्तक शेल्फात ठेवल्यासारखी. देवमासा, डॉल्फिन, ओर्का (किलर व्हेल) यांची आडवी, पुस्तक टेबलावर ठेवल्यासारखी. मासा शेपटी डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालायचे. कुत्रा पळताना त्याची पाठ वर-खाली वाकते ना, पाठीचा तोच बाक हा पाण्यात घेऊन गेला. चिमीने लगेच फरशीवर पालथं पडून दोन्ही करून पाहिलं. वर-खाली जमलं, डावं-उजवं करताना बादलीला धडकली.

(सीलला हा नियम लावायला जाऊ नका. तो मागचे वल्हेपाय डावे-उजवे मारतो, आणि सी लायन पुढच्या पायांनी वल्हवतो. डब्यातल्या सी लायनला कान मात्र नीट काढलेत, सीलला काढलेले नाहीत. ते बरोबर आहे. दोघांना ओळखायची सोपी खूण.)

मग प्रश्न आलाच. “आजी, देवमासा मासा नाही, तर नावात मासा कशाला?” मी म्हटलं, “गुळवेलीत तरी गूळ कुठे असतो?” तिने गुळवेलीचा काढा एकदा चाखलाय, त्यामुळे पटलं.

आता तक्रारी. दाबलं की पाणी उडावं म्हणून प्रत्येकाला भोक आहे, पण ते तोंडात! निळ्या देवमाशाच्या नाकपुड्या डोक्यावर असतात, दोन, डॉल्फिनला एकच. आणि तो फवारा म्हणजे पिचकारी नव्हे, फुफ्फुसातला श्वास आहे, थंडीत आपल्या तोंडून वाफ निघते तसा. शिवाय त्या भोकातून आत पाणी साचतं. पंधरा दिवसांनी ओर्का पिळला तर काळे बुरशीचे कण बाहेर आले. मी सगळ्यांची भोकं मेणबत्तीच्या मेणाने बुजवली. घेणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करा.

डुगाँगची, म्हणजे समुद्रगायीची, शेपटी तर साफ चुकली आहे. गोल, कालथ्यासारखी काढलीय. तशी असते मॅनटीची, म्हणजे डुगाँगच्या परदेशी भाऊबंदाची, आणि तो आपल्याकडे नाही. डुगाँग आहे: कच्छच्या आखातात, तमिळनाडूच्या किनाऱ्याला, अंदमानात; समुद्रातलं गवत खातो आणि शेपटीला डॉल्फिनसारखी मधोमध खाच असते. मी कात्रीने खाच पाडली. जरा वाकडी झाली.

सगळ्यात मोठा घोळ मापाचा. निळा देवमासा आणि सील दोघेही वीतभर. चिमीला वाटलं सील देवमाशाचं पिल्लू. मग सुतळीचा गुंडा घेऊन खाली पार्किंगमध्ये गेलो. निळा देवमासा तीस मीटरपर्यंत जाऊ शकतो. सुतळी गेटपासून निघाली ती वॉचमनच्या केबिनच्याही पुढे, मागच्या जिन्यापर्यंत पोचली. मधे तीन गाड्या आणि एक स्कूटर. वॉचमनकाका सुतळीचं टोक धरून उभे, “एवढा?” असं चारदा म्हणाले.

रंग चांगला आहे, वास नाही, टोकं बोचत नाहीत. नारव्हालचा (उत्तर ध्रुवाकडच्या सुळेवाल्या देवमाशाचा) सुळा मऊ आहे, डोळ्यात जाणार नाही. तो शिंग नसून दात आहे, हे सांगायला विसरू नका.

गेल्या दिवाळीत मालवणला होडीतून खरे डॉल्फिन पाहिले होते. पाठीला उंचवटा असलेले, करडे. नाखवा त्यांना गादा म्हणत होता. डब्यातले दोन्ही डॉल्फिन चकचकीत निळे, उंचवटा नाही. चिमीने एकाच्या पाठीवर कणकेचा गोळा चिकटवलाय. टबात तो पाचव्या मिनिटाला विरघळतो, मग ती पुन्हा कणीक मागायला स्वयंपाकघरात येते.