बर्बनच्या बॅरलमधली इम्पीरियल स्टाउट: सहा बाटल्या, आठ महिने आणि इंदूरचा उन्हाळा

परदेशातून येताना माणशी 2 लिटर मद्य ड्यूटी-फ्री आणता येतं. 330 मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे 1.98 लिटर, हिशेबात अगदी नेमक्या बसतात. ऑक्टोबरअखेरीस इंदूरला आलेल्या या सहाही बाटल्या इम्पीरियल स्टाउटच्या, म्हणजे बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेल्या काळ्या, कडक बिअरच्या; एकाच बॅचच्या, 12.5 टक्के अल्कोहोलच्या. तीन फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवल्या, तीन जिन्याखालच्या अंधाऱ्या कपाटात. नोव्हेंबर ते जून अशा पाच उघडून झाल्या. एकच बिअर, पण चवी इतक्या वेगळ्या निघाल्या की ठेवण्याबद्दल आधी लिहायला हवं.

नोव्हेंबरात फ्रिजमधली पहिली उघडली, तेव्हा कडूपणा आणि अल्कोहोल दोन्ही घशाला लागत होते. जानेवारीतली कपाटातली बाटली मात्र सगळ्यात उत्तम निघाली. इंदूरच्या हिवाळ्यात जिन्याखाली 16-18 अंश असतं, या बिअरला ते मानवतं. कडवट धार बोथट झाली होती आणि खजूर, काकवी, ओलं खोबरं, व्हॅनिला असं एकेक करून पुढे येत होतं. मार्चअखेरची कपाटातलीच बाटली ठीक होती, थोडी बसकी. मेच्या मध्यात तिसरी उघडली ती वाया गेली. बाहेर 41-42 आणि कपाटात 34-35, असे सहा आठवडे तिने काढले होते. वास सोया सॉसचा, मागून ओल्या पुठ्ठ्याची चव. सोया सॉसचा वास येतो तो उष्णतेत मेलेलं यीस्ट फुटून आतला ऐवज बाहेर पडल्यामुळे, आणि पुठ्ठ्याची चव ऑक्सिडेशनची. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रिया साधारण दुपटीने-तिपटीने वेगाने होतात, त्यामुळे मेमधला एक महिना हिवाळ्यातल्या कित्येक महिन्यांना भारी पडतो. जूनमध्ये फ्रिजमधली दुसरी उघडली, ती खणखणीत होती.

म्हणजे माळव्यात होळीपर्यंत कपाट चालतं. होळी झाली की बाटली फ्रिजमध्ये गेलीच पाहिजे. ‘स्टाउट जितकी जुनी तितकी चांगली’ हे वाक्य थंड तळघर गृहीत धरून बोललेलं असतं. बाटली उभीच ठेवा. आडवी ठेवली तर गाळ कडेला बसतो आणि ओतताना सगळा पेल्यात उतरतो.

ही चव येते कुठून, तर लाकडातून. अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. त्यामुळे साधारण 200 लिटरची ही पिंपं एका वापरानंतर बर्बनसाठी बाद होतात आणि ब्रुअरीवाले ती घेतात. जळालेल्या ओकमधून व्हॅनिला येतो, ओकच्याच लॅक्टोन नावाच्या सुगंधी द्रव्यांमधून खोबरं, आणि लाकडात मुरलेली व्हिस्की स्टाउटमध्ये उतरून अल्कोहोल टक्का-दोन टक्क्यांनी वाढवते. स्टाउट अशा पिंपात बहुधा सहा महिने ते वर्षभर राहते. लाकूड निर्जंतुक करता येत नाही, हाच यातला धोका. लॅक्टोबॅसिलस हा आंबवणारा जिवाणू शिरला तर आंबट ताकासारखी झाक येते, अॅसिटिक आम्ल तयार झालं तर व्हिनेगरची. ‘इम्पीरियल’ हे नाव 18व्या शतकात लंडनहून रशियाच्या दरबाराला जाणाऱ्या कडक स्टाउटवरून आलं.

आता पिण्याचं. फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर करपट कडूपणाशिवाय काही कळत नाही, आणि बहुतेकांचा पहिला घोट इथेच फसतो. 12-14 अंशांवर यायला हिवाळ्यात 40 मिनिटं लागतात, मेमध्ये 15-20 पुरतात. 20च्या वर गेली की नाकात नुसतं अल्कोहोल चढतं. मेण लावलेलं झाकण असेल तर ओपनरने ओढू नका, मेणाचा भुगा पेल्यात पडतो. आधी झाकणाच्या कडेखाली सुरीने गोल चीर पाडा, वरचं मेण टोपीसारखं निघतं. ग्लास ब्रँडीचा किंवा ट्यूलिपच्या आकाराचा घ्या, भांड्यांच्या साबणाचा अंशही न राहील असा विसळलेला. एका वेळी 100 मिलीच ओता आणि तळाचा शेवटचा बोटभर गाळ बाटलीतच राहू द्या. तपकिरी फेस दोन मिनिटांत विरतो. इतक्या अल्कोहोलमध्ये तो टिकत नाही, तो दोष नव्हे. ग्लास तिरका करून पाहा: कडेला चिकटलेला तपकिरी पडदा सावकाश खाली सरकतो. पहिला वास घ्या, मग दहा मिनिटं थांबून पुन्हा घ्या. खोबरं दुसऱ्या खेपेलाच सापडतं.

330 मिलीत निव्वळ अल्कोहोल 41 मिली, म्हणजे 30 मिलीच्या व्हिस्कीच्या तीन पेगांपेक्षा थोडं जास्तच. एक बाटली तिघांत घ्यावी. गाडी चालवायची असेल तर अजिबात नको.

सोबत काय, हा प्रश्न इंदुरात सोपा वाटतो पण नाही. सराफा बाजारातली मावाबाटी, म्हणजे पाकातली खव्याची मिठाई, फार गोड पडते, तिच्यापुढे स्टाउट नुसती कडू लागते. गराडूवरचा, म्हणजे तळलेल्या कंदावरचा, जिरावण मसाला आणि लिंबू तर सगळं झाकून टाकतात. तेच गराडू फक्त मीठ टाकून खाल्ले तर छान जमतात. घरच्या अनारशाशी मात्र तिचं गूळ-खसखशीमुळे सुरेख जुळतं. 70 टक्क्यांचं चॉकलेट आणि जुनं चेडर हे नेहमीचे जोडीदार आहेतच.

उरलेली सहावी बाटली भाजीच्या खणात मागे, उभी आहे. ती आता जानेवारीत उघडायची. तोवर कडूपणा आणखी उतरून मनुकांची चव वाढायला हवी. आंबट झाक दिसली, तर दोष साठवणीचा नसून पिंपाचा, हे तेव्हा कळेल.