दोन वर्षे वापरलेले ग्रंथालय

२०२४च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचे पाणी कारेलीबागेत आमच्या तळमजल्यावर शिरले, तेव्हा कपाटाच्या खालच्या खणात माझ्या तीन वर्षांच्या झेरॉक्स होत्या. पाणी ओसरल्यावर त्या सगळ्या पानांचा एक ओला ठोकळा हाती लागला. वेगळे करायला गेले की अक्षरांसकट पापुद्रा निघायचा. सासूबाईंनी पंख्याखाली जुन्या साड्या अंथरून दोन दिवस पाने वाळवली, त्यातली सत्तरएक वाचली. बाकीची गेली.

म्हणून आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन वर्षांत जे जे नवे आले त्याबद्दल लिहिताना मी स्कॅनरपासून सुरुवात करते. बहुतेक जण पहिल्या मजल्यावरच्या काचेच्या खोल्यांबद्दल आधी सांगतात. त्यांच्याकडेही येते, पण नंतर.

माझ्याबद्दल थोडे, म्हणजे कोण कुठून बोलते आहे ते कळेल. वय ४१. सकाळी शाळेत शिकवते, दुपारी दोननंतर ग्रंथालयात येते, सहाला घरी. पीएच.डी.चा विषय बडोदे संस्थानातली फिरती ग्रंथालये आणि त्यांचे मराठी वाचक. म्हणजे मला लागणारी पुस्तके बहुतेक शंभर वर्षांपूर्वीची, संस्थानच्या छापखान्यातली, पिवळी पडलेली, कोपरा धरला तर कोपराच हातात येणारी. अशा पुस्तकाला झेरॉक्सच्या काचेवर पालथे घालून वर झाकण दाबायचे म्हणजे त्याचा कणा मोडायचा. मी ते केलेले आहे, आणि त्याचे वाईट अजून वाटते.

नवा स्कॅनर वरून बघतो. पुस्तक उताणे, अर्धवट उघडलेले, दोन बाजूंना आधार असलेल्या पाळण्यात ठेवायचे. कॅमेरा वर, समोरासमोरची दोन्ही पाने एकदम टिपली जातात. पेनड्राइव्ह न्यायचा किंवा स्वतःच्या ईमेलवर पाठवायचे. १८० पानांचे पुस्तक मी सव्वा तासात केले, घाई न करता. शेजारच्या भिंतीवर कॉपीराइटचा नियम लावला आहे आणि तिथल्या बेन (गुजरातीत ताई) तो खरोखरच पाळायला लावतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो, सरकारी प्रकाशनावर प्रसिद्धीपासून ६० वर्षे. त्यामुळे सयाजीराव महाराजांच्या काळातले संस्थानी अहवाल पूर्ण स्कॅन करता येतात, आणि कालपरवाच्या पुस्तकाचे एखादे प्रकरणच मिळते. मला हे योग्य वाटते.

स्कॅन म्हणजे मात्र पानाचा फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही. त्यासाठी ते चित्र अक्षरांत बदलून घ्यावे लागते, आणि ती सोय त्याच खोलीतल्या संगणकावर आहे. आजच्या छपाईचे मराठी पुस्तक असेल तर काम चांगले होते. १९१५च्या आसपासचे असेल तर झिजलेले खिळे, एकमेकांना चिकटलेली जोडाक्षरे, तुटलेल्या मात्रा, यांत यंत्र गडबडते. ‘पुस्तकालयें’ मधला अनुस्वार हमखास गळतो, ‘ग्रंथ’चा ‘ग्रथ’ होतो. मुद्रितशोधन हाताने करावेच लागते. मी रोज चार पाने करते.

ही चार पाने कोणासाठी, हे मला मागच्या हिवाळ्यात कळले. तळमजल्यावर दृष्टिहीन वाचकांसाठी एक खोली सुरू झाली आहे. सहा संगणक, हेडफोन, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी ‘एनव्हीडीए’ ही मोफत प्रणाली, ब्रेलचा छापखाना छोटासा. तिथे इतिहासात एम.ए. करणारा एक मुलगा बसतो. घरची भाषा मराठी, आजोबा संस्थानी नोकरीतले. त्याने मला विचारले, “ताई, तुम्ही स्कॅन केलेले माझ्या मशीनला वाचता येईल का?” चित्र असेल तर नाही येत. अक्षरे असतील तरच येते, आणि अक्षरे चुकीची असतील तर त्याला चुकीचेच ऐकू येते. आपण ‘ग्रथ’ बघून मनातल्या मनात अनुस्वार देतो, त्याला ते करताना वाक्याचा धागा सुटतो. आता दुरुस्त केलेली फाइल आधी त्याच्याकडे जाते. दृष्टिहीनांसाठी अशी प्रत करायला २०१२च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा परवानगी देतो, आणि यासाठीच्या माराकेश कराराला २०१४मध्ये सगळ्या जगात सर्वांत आधी भारताने मान्यता दिली. ग्रंथालयाने ही खोली तळमजल्यावर, दरवाजाजवळ, रॅम्पला लागून दिली, याचे मला फार कौतुक आहे. चांगल्या खोल्या वरच्या मजल्यावर जातात आणि लिफ्ट बंद पडते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

आता घरून वापर. १ जानेवारी २०२५पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, आणि केंद्र-राज्य सरकारी उच्च शिक्षणसंस्था व संशोधन संस्था मिळून ६,३०० हून अधिक ठिकाणी ती खुली झाली. त्याचे काम आपल्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या केंद्राकडे आहे. माझ्यासारखीला ‘आंतरराष्ट्रीय नियतकालिके’ म्हटले की विज्ञानवाल्यांचे काहीतरी असे वाटायचे. पण त्यात केंब्रिज, ऑक्सफर्ड, सेज, टेलर अँड फ्रान्सिस हेही आहेत, आणि दक्षिण आशियाच्या इतिहासावरचे पुष्कळ लेखन त्यांच्याकडेच छापले जाते. आधी लेखाचा सारांश वाचायचा, पुढे पैशांची चौकट यायची, तिथेच थांबायचे. आता विद्यापीठाच्या ईमेलवरून नोंदणी केली की घरून लॉगिन होते. माझी नोंदणी व्हायला चार दिवस लागले. लेक झोपला की साडेदहाला मी बसते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मंद दिव्यात.

पहिल्या रात्री लेख उघडला तेव्हा मला माझ्या विषयातल्याच लाकडी पेट्या आठवल्या. १९०६मध्ये महाराजांनी सगळ्या संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले, आणि मग प्रश्न आला की मुले शाळा सोडल्यावर वाचणार काय? न वाचता ती अक्षरे विसरणार. १९१०मध्ये त्यांनी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बोलावले. बॉर्डन इथे तीन वर्षे होते. तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, ग्रंथपालांचे वर्ग निघाले, डेवी आणि कटर या अमेरिकी ग्रंथपालांच्या पद्धती एकत्र करून बडोद्यासाठी वेगळे वर्गीकरण झाले. आणि फिरती ग्रंथालये. लाकडी पेटीत पुस्तके भरायची, पेटी गावाला पाठवायची, गावाने वाचून परत करायची, मग दुसरी पेटी. वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल तर ग्रंथालयाने त्याच्यापर्यंत जायचे, हे या शहराला शंभर वर्षांपूर्वी समजले होते. मी कोणतीही नवी सोय याच मापाने मोजते. रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात पोचली की नाही?

घरून लॉगिन त्या मापात पूर्ण बसते. त्याचा एक तासाचा वर्ग दर महिन्याला होतो. मी दोनदा गेले, कारण पहिल्यांदा फक्त ‘कुठे दाबायचे’ एवढेच डोक्यात राहिले. दुसऱ्यांदा शोध कसा आवळायचा, संदर्भ ‘झोटेरो’ या संगणकप्रणालीत कसे साठवायचे हे नीट कळले. झोटेरो मोफत आहे आणि देवनागरी शीर्षके निमूट स्वीकारते. शोधगंगेवर, म्हणजे देशभरातले प्रबंध ठेवलेल्या संकेतस्थळावर, पुणे, मुंबई, नागपूरचे मराठी प्रबंध शोधताना मी एकच शब्द देवनागरीत आणि रोमन अक्षरांत, दोन्ही प्रकारे टाकते. नव्या विद्यार्थ्यांनी ही सवय लावून घ्यावी.

प्रबंधाचे इतरांच्या लिखाणाशी साम्य किती, हे तपासायची सोयही इथेच होते. साम्य १० टक्क्यांपर्यंतच चालते, या आकड्याला लोक घाबरतात. यूजीसीचा २०१८चा नियम नीट वाचला तर भीती कमी होते. अवतरणचिन्हांत, श्रेय देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्य, हे त्यात धरत नाहीत. संदर्भ विभागातल्या बेननी मला तो नियम छापून दिला आणि ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून दिली.

काचेच्या खोल्या चार आहेत. प्रत्येकीत आठ खुर्च्या, पांढरा फळा, मोठा पडदा. मोबाइलवरून दोन तासांसाठी राखता येतात. आम्ही तिघी-चौघी महिन्यातून एकदा प्रकरणे वाचून दाखवतो, त्यासाठी छान आहेत. आवाज बाहेर जातो, तेवढे सांभाळावे.

वाचनकक्ष रात्री अकरापर्यंत उघडा असतो, परीक्षेच्या दिवसांत रात्रभर. तिथे निम्म्याहून अधिक मुले जीपीएससीची (गुजरात लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची) तयारी करणारी असतात. ग्रंथालयाचे पुस्तक त्यांना लागत नाही. त्यांना टेबल, दिवा, पंखा आणि शांतता हवी असते. यावर काही प्राध्यापक नाराज आहेत. मी नाही. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहत असतील तर ते टेबल हेच पुस्तक. पण सकाळी सातला दप्तर ठेवून दुपारी बाराला येणे बंद व्हायला हवे. त्यासाठी सूचना लावलेली आहे, अंमल नाही. मुलींसाठी नऊनंतर मुख्य दरवाजापासून बसथांब्यापर्यंत दिवे लावले आहेत, ही छोटी गोष्ट फार मोलाची झाली. त्यानंतर माझ्या वर्गमैत्रिणी रात्री थांबू लागल्या.

मोडीचा वर्ग दोन शनिवारी झाला. २२ जण होतो, त्यातले निम्मे गुजरातीभाषक. गुजरातीला शिरोरेषा नाही आणि मोडीत आधी कागदभर रेघ ओढून मग खाली अक्षरे लटकवायची, त्यामुळे शब्द कुठे संपला हेच त्यांना दिसेना. आम्हा मराठी लोकांना शिरोरेषेची सवय, पण ऱ्हस्व-दीर्घ नाही म्हणून आम्ही अडत होतो. शिकवणारे सर म्हणाले, आधी नेहमीचे शब्द ओळखा, अक्षरे मागून येतात. दुसऱ्या शनिवारी एका जुन्या पत्राच्या प्रतीत मला ‘मजकूर’ आणि ‘सदरहू’ सलग वाचता आले. शेजारच्या मुलीने टाळीच वाजवली. पण दोन शनिवारांत मोडी येत नाही. दर आठवड्याला एक तास सराव ठेवला तरच या वर्गाचा उपयोग, नाहीतर प्रमाणपत्र राहील आणि अक्षरे जातील. बडोद्यात हे न करायचे तर कुठे करायचे?

आता तक्रार, आणि ती एकच पण मोठी आहे. संगणकावरच्या सूचीत मराठी पुस्तके रोमन अक्षरांत चढवली आहेत, आणि ज्याने चढवली त्याने कानाला लागेल तशी. एकाच गावाचे नाव ‘बडोदा’, ‘बडोदे’, ‘बरोडा’, ‘वडोदरा’ अशा चार प्रकारे येते. १९३१चा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’, राज्यकारभारातल्या संज्ञांना आठ भाषांतले प्रतिशब्द देणारा कोश, मी तीन आठवडे शोधला. सूचीत नाही असे दिसत होते. शेवटी संदर्भ विभागातल्या बेन म्हणाल्या, “चालो, कपाटच बघू.” दुसऱ्या फळीवर होता, जाडजूड, धूळ पुसलेला. नोंदीत ‘शब्द’चे स्पेलिंग एका अक्षराने चुकले होते. पुस्तक आहे, जपलेले आहे, आणि वाचकाला नाही असे सांगितले जाते. तेरा हजार नियतकालिके स्वयंपाकघरात पोचली आणि वीस पावलांवरचे मराठी पुस्तक पोचत नाही, हे मला सहन होत नाही.

किरकोळ गोष्टी: उत्तरायण आणि दिवाळीतल्या सुट्ट्या संकेतस्थळावर वेळेत लागत नाहीत, फोन करून निघा. एसी जोरात असतो, शाल न्या. बाहेरच्या वाचकांना शिफारसपत्र आणि अनामत रक्कम लागते. स्कॅनरसाठी सोमवारी गर्दी, गुरुवारी दुपारी रिकामा.

सूचीबद्दल मी सूचनावहीत लिहिले, मग ग्रंथपालांना भेटले. त्यांनी वाद घातला नाही. माणूसबळ नाही म्हणाले, आणि विचारले की देवनागरी टंकलेखन येते का. येते. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी, काचेच्या खोलीतल्या दोघी आणि तो एम.ए.चा मुलगा बसतो. आम्ही पुस्तक उघडून मुखपृष्ठावरचे नाव जसेच्या तसे देवनागरीत टाकतो, तो हेडफोन लावून प्रत्येक नोंद ऐकतो आणि चुकले की हात वर करतो. मराठी विभागात अजून सोळा कपाटे आहेत. गेल्या शनिवारी ४४ नोंदी झाल्या, त्यातल्या सहांना त्याने हात वर केला. कोणाला शनिवारी दोन ते पाच वेळ असेल तर संदर्भ विभागात नाव द्या, खुर्च्या आहेत.